मलप्रभेत ट्राउटची बोटुकली सोडून उपयोग होईल का?

प्रश्न असा आला आहे: "आम्ही खानापूर-जांबोटी भागातले गळाची हौस असलेले काही जण आहोत. मध्यंतरी हिमाचलात तीर्थन नदीवर जाऊन ट्राउट धरून आलो. तिथं सरकारी केंद्रातून पिल्लं नदीत सोडतात असं कळलं. कणकुंबीच्या बाजूला मलप्रभेचं पाणीही स्वच्छ आणि गार असतं. वर्गणी काढून तिथं ट्राउटची, आणि ते जमत नसेल तर महसीरची बोटुकली सोडायचा विचार आहे. किती सोडावीत, कोणत्या महिन्यात, आणि दोन-तीन वर्षांत गळाला लागण्याजोगी होतील का?"

ट्राउटचं आधी सांगून टाकतो. होणार नाही. ट्राउटला १० ते १५ अंश सेल्सिअसचं पाणी मानवतं. २० च्या वर गेलं की तो खाणं कमी करतो, आणि २५ च्या आसपास पाणी काही दिवस राहिलं तर मरतो. तुम्ही म्हणता ते कणकुंबीचं गार पाणी जुलै ते डिसेंबरमधलं. एप्रिल-मे महिन्यात त्याच जागी जाऊन गुडघाभर पाण्यात उभं राहा. धार तुटलेली असते, पाणी डबक्या-डबक्यांत अडकलेलं असतं आणि दुपारी ते पायाला कोमट लागतं. पाणी तापलं की त्यातला प्राणवायूही कमी होतो. १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे ११ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, ३० अंशांच्या पाण्यात साडेसातच. आणि पाणी तापतं तसा माशाचा श्वास वाढतो, म्हणजे गरज वाढते तेव्हाच पुरवठा घटतो. मलप्रभा उगम पावते सुमारे ८०० मीटर उंचीवर. दक्षिणेत ट्राउट टिकला तो निलगिरीत अवलांचीसारख्या ठिकाणी आणि मुन्नारच्या वरच्या डोंगरात, म्हणजे २००० मीटरच्या घरात. आपल्या सह्याद्रीत बेळगावच्या आसपास तेवढी उंचीच नाही.

आणि तिथंही तो सहज रुजला नाही. निलगिरीत फ्रान्सिस डे यांनी १८६३ मध्ये प्रयत्न केला, तो फसला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात एच. सी. विल्सन यांनी पुन्हा हात घातला, तेव्हा रेनबो ट्राउट तिथं जगला. काश्मीरला इंग्लंडहून आलेली अंड्यांची पहिली खेप वाटेतच खराब झाली, दुसरी १९०० मध्ये पोचली आणि त्यातून तिथला ब्राउन ट्राउट वाढला. कुलूच्या बाजूला १९०९ पासून काम सुरू झालं. हे सगळं गोऱ्या साहेबांच्या गळाच्या हौसेसाठी झालं. म्हणजे तुमचा प्रश्न या देशात दीडशेहून जास्त वर्षं जुना आहे.

पण तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी एक समजूत आहे, आणि ती ट्राउटपुरती नाही. नदीत मासे कमी आहेत, म्हणजे पिल्लं कमी पडताहेत, म्हणजे पिल्लं आणून सोडली की मासे वाढतील. मत्स्यबीज केंद्रावर माझं आयुष्य गेलं. लाखो जिऱ्यांना, म्हणजे नुकत्याच अंड्यातून निघालेल्या पिल्लांना, वाढवून बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, करताना पाहिलं आहे. म्हणूनच सांगतो, वाहत्या नदीच्या बाबतीत ही समजूत बहुतेक वेळा चुकीची ठरते. आणि ती किती चुकीची ठरते, हे जगात सर्वांत नीट तपासलं गेलं ते ट्राउटवरच. कारण ट्राउट सोडण्यावर गळवाल्यांनी आणि सरकारांनी जेवढा पैसा ओतला, तेवढा दुसऱ्या कुठल्या नदीतल्या माशावर क्वचितच ओतला गेला असेल.

इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्ट भागात ब्लॅक ब्राउज बेक नावाचा एक छोटासा ओढा आहे. जे. एम. इलियट या शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकापासून पुढं जवळजवळ तीस वर्षं त्यातल्या ट्राउटची मोजदाद केली. ट्राउटची मादी खडीत खळगा करून अंडी घालते, वर खडी ओढून ती झाकते. पिल्लं खडीतून वर आली की प्रत्येक पिल्लू दगडाच्या आडोशाला स्वतःची हद्द धरतं आणि दुसऱ्याला हाकलतं. ज्याला जागा मिळाली ते जगतं. बाकीची उपाशी राहतात, वाहून जातात, मरतात, आणि हे सगळं पहिल्या महिना-दोन महिन्यांत उरकतं. इलियटला दिसलं ते असं, की अंडी एका मर्यादेपलीकडे जास्त असली तर शेवटी उरणारी पिल्लं वाढत नाहीत, उलट कमी होतात. आपल्याकडं भाताचा तरवा दाट लावला म्हणून पीक दुप्पट येत नाही, तसंच हे. ओढ्यात जागा जेवढी, मासे तेवढेच.

आता अशा ओढ्यात तुम्ही आणखी हजार बोटुकली आणून ओतलीत तर काय होईल? एक तर ती मरतील. किंवा ती जगतील आणि तिथली जन्मलेली मरतील. दोन्हीकडून हिशेब तोच.

हे कागदावरचं वाटू नये म्हणून मोंटानाचं उदाहरण घ्या. अमेरिकेतलं हे राज्य ट्राउटच्या गळासाठी प्रसिद्ध आहे. तिथं मॅडिसन नदीत दरवर्षी धरण्याजोग्या आकाराचे, हॅचरीत म्हणजे मत्स्यबीज केंद्रात वाढवलेले रेनबो ट्राउट सोडत. डिक व्हिन्सेंट या मत्स्यशास्त्रज्ञाने १९७० च्या सुमारास एका पट्ट्यात सोडणं थांबवलं, आणि ओडेल क्रीक या ओढ्यात, जिथं आधी कधी सोडले नव्हते, तिथं सोडायला सुरुवात केली. मग दोन्हीकडचे रानटी मासे मोजले. जिथं सोडणं थांबलं तिथं रानटी ट्राउट वाढले. जिथं नव्याने सोडले तिथं ते घटले. गळवाल्यांचा विरोध झाला, दुकानदारांचाही झाला, तरी १९७४ मध्ये मोंटानाने रानटी ट्राउट असलेल्या नद्यांत हॅचरीचे मासे सोडणं बंद केलं. त्यानंतरही तिथल्या नद्या ट्राउटसाठी नावाजलेल्याच राहिल्या. मला या सगळ्यात मोलाची वाटते ती त्या माणसाची पद्धत. दोन ठिकाणं निवडली, एकीकडे केलं, दुसरीकडे थांबवलं, आणि मोजलं. आपल्याकडं हार-तुरे घालून बोटुकली सोडतात, फोटो काढतात, आणि पुढच्या वर्षी त्यातली किती उरली ते पाहायला कुणी जात नाही. या गोष्टीचा मला खरोखर राग येतो, कारण ते बीज तयार करणाऱ्या माणसांनी रात्र-रात्र जागून ते वाढवलेलं असतं.

हॅचरीतला मासा नदीत का टिकत नाही, हे केंद्रावर उभं राहिलं की डोळ्यांना दिसतं. संध्याकाळी शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा घेऊन माणूस तळ्याच्या कडेला आला, की त्याची सावली पाण्यावर पडताच पिल्लांचा सगळा थवा त्या बाजूला उसळतो. पायाच्या आवाजानेही येतो. बोटं पाण्यात घातली तर बोटांना टोचा मारतात. आता हेच पिल्लू नदीत सोडा. तिथं पाण्यावर पडणारी सावली बगळ्याची असते, खंड्याची असते, पाणकावळ्याची असते. नदीत जन्मलेलं पिल्लू सावली दिसताच दगडाखाली जातं, आपलं पिल्लू वर येतं. बोटुकली सोडल्यावर दुसऱ्या दिवशी त्या जागी बगळे किती जमतात ते एकदा जाऊन बघा. शिवाय त्याने धार कधी पाहिलेली नसते. पहिला मोठा लोंढा आला की ते खाली वाहत जातं.

यापलीकडे रक्ताचा प्रश्न आहे. अमेरिकेतल्या हूड नदीत स्टीलहेड, म्हणजे समुद्रात जाऊन परतणारा रेनबो, याच्यावर झालेला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. हॅचरीत काढलेल्या प्रत्येक पिढीमागे नदीत वंश वाढवण्याची ताकद ४० टक्क्यांच्या आसपास घटते, असं त्यात निघालं. म्हणजे सोडलेला मासा जगला आणि रानटी माशाशी त्याची जोडी जमली, तर पुढच्या पिढीला ती दुर्बलता मिळते. म्हणूनच इंग्लंडमध्ये २०१५ पासून नदीत ब्राउन ट्राउट सोडायचे तर ते प्रजननक्षम नसलेले, नाहीतर त्याच नदीच्या मूळ माशांपासून काढलेले असावे लागतात. ज्या देशाने ट्राउट सोडण्याची प्रथा जगभर नेली, त्यानेच ही अट घातली आहे.

मग तीर्थनवर तुम्हाला मासे लागले ते कसे? तिथं पाटलीकुहलसारख्या केंद्रांतून पिल्लं सोडतात हे खरं. पण तीर्थनचं पाणी बर्फाचं आहे, ते ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कमधून येतं, आणि त्या नदीवर जलविद्युत प्रकल्प होऊ द्यायचे नाहीत असा निर्णय झालेला आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या विणीच्या काळात गळ बंद असतो, परवाना लागतो, रोज किती मासे न्यायचे त्याला मर्यादा असते. ब्राउन ट्राउट तिथल्या खडीत स्वतः वीण करतो. तुमच्या गळाला लागलेला मासा सोडलेला होता की तिथलाच, हे खूण केल्याशिवाय सांगता येत नाही. ट्राउटच्या पाठीवर शेपटीच्या अलीकडे एक छोटा मांसल पर असतो, तो कापून सोडतात, म्हणजे पुढं ओळखू येतो. ज्या नद्यांत अशी खूण न करताच मासे सोडले, तिथला "सोडल्यामुळे वाढले" हा दावा मी तरी ग्राह्य धरत नाही. आणि हेही ध्यानात ठेवा, की ब्राउन ट्राउट हिमालयाचा नाही. तो जिथं जोरात वाढला तिथं हिमालयातल्या मूळच्या, स्नो ट्राउट नावाच्या माशाच्या जागेवर वाढला.

ट्राउट सोडून फायदा होतो अशी ठिकाणं आहेत. बंद तलाव, जिथं विणीला खडी नाही पण वाढायला पाणी चांगलं आहे. किंवा मोठे करूनच सोडायचे आणि लोकांनी त्याच हंगामात पकडून न्यायचे. दुसऱ्या प्रकाराला नदी सुधारणं म्हणता येणार नाही. तो मासे विकण्याचा एक मार्ग आहे, आणि तसा म्हणून चालवला तर त्यात वावगं काही नाही.

आता महसीरकडे येऊ, कारण तुमचा खरा कल तिकडे असावा आणि माझाही आहे. दख्खनी महसीर, ज्याला शास्त्रज्ञ टॉर खुद्री म्हणतात, तो आपल्या खोऱ्याचा आहे. साइक्स या इंग्रज अभ्यासकाने त्याचं पहिलं वर्णन १८३९ मध्ये केलं ते पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशांवरून, आणि मुळा-मुठेचं पाणी भीमेतून कृष्णेलाच जातं. मलप्रभाही कृष्णेलाच मिळते. म्हणजे ट्राउटसारखा तो परका नाही. लोणावळ्याला टाटांच्या वळवण केंद्रात १९७० च्या दशकापासून त्याचं बीज काढलं गेलं आणि देशभर वाटलं गेलं. हे काम मोठं होतं, त्याबद्दल मला आदर आहे.

पण त्याच बिजाची एक गोष्ट आपल्याच कर्नाटक राज्यातली आहे, ती तुम्हाला माहीत असायला हवी. कावेरीत एक वेगळाच महसीर होता, नारिंगी परांचा, मानेवर वशिंड असल्यासारखा उंचवटा असलेला. १९४६ मध्ये काबिनी नदीत व्हॅन इंगेन यांनी धरलेला १२० पौंडांचा, म्हणजे ५४ किलोंचा महसीर प्रसिद्ध आहे. कावेरी खोऱ्यातल्या अशा अजस्र माशांसाठी जगभरातून गळवाले येत. हे मासे कमी होताहेत असं दिसल्यावर गळवाल्यांनीच, अगदी चांगल्या हेतूने, कावेरीत महसीरची बोटुकली सोडायला सुरुवात केली. ती होती टॉर खुद्रीची, निळसर परांची, म्हणजे आपल्याकडची. कावेरीच्या दृष्टीने ती परकीच. ती वाढली, फोफावली, गळाला भरपूर लागायला लागली. सगळ्यांना वाटलं महसीर परत आले. कावेरीकाठच्या गलिबोर कॅम्पवर गळवाल्यांनी १९९८ ते २०१२ या काळात ठेवलेल्या नोंदी पुढं शास्त्रज्ञांनी तपासल्या. एकूण मासे वाढलेले, पण त्यातला वशिंडाचा महसीर जवळजवळ दिसेनासा झालेला. २०१८ मध्ये त्या माशाची शास्त्रीय ओळख टॉर रेमादेवी अशी पक्की झाली, आणि त्याच वर्षी त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. म्हणजे ज्या माशासाठी सगळा खटाटोप, त्याचं नीट नाव ठरेपर्यंत तो जायच्या वाटेला लागला होता. त्याला बाकीचीही कारणं होती, धरणं होती, सुरुंग होते, वाळूउपसा होता. पण सोडलेल्या माशांचा वाटा त्यात आहे, आणि हे केलं नदीवर जीव असलेल्या लोकांनी. गळवाल्यांच्या त्या नोंदी नसत्या तर हे कुणाला कळलंही नसतं.

खानापूर तालुक्याला हे जास्त लागू आहे, कारण तुम्ही पाणलोटाच्या धारेवर बसलेले आहात. एका उताराचं पाणी मलप्रभेतून कृष्णेला आणि बंगालच्या उपसागराला जातं, दुसऱ्या उताराचं म्हादईतून गोव्याला आणि अरबी समुद्राला. मोटारसायकलवर अर्ध्या तासात एका खोऱ्यातून दुसऱ्यात जाता येतं. म्हणून पिशवीतली उरलेली बोटुकली "तिकडच्या ओढ्यात टाकू" असं म्हणणं सोपं असतं. तसं कधीही करू नका. दोन्हीकडचे मासे वेगळे आहेत आणि म्हादईच्या वरच्या ओढ्यांत काय-काय आहे याची मोजदादही पुरती झालेली नाही. आंबोलीचं उदाहरण ताजं आहे. हिरण्यकेशीच्या उगमाशी, महादेवाच्या देवळाजवळच्या पाण्यात, २०२० मध्ये बोटाएवढी एक नवीन जात सापडली. तिला शिस्टुरा हिरण्यकेशी हे नाव मिळालं आणि २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. लोक पिढ्यान्‌पिढ्या तिथं पाया पडून तीर्थ घेत होते आणि तो मासा पायाशी होता. त्या कुंडात कुणी हौसेने चिलापी किंवा आणखी काही सोडलं असतं तर? हीच हिरण्यकेशी पुढं संकेश्वरवरून घटप्रभेला येते. आपल्या ओढ्यांत अशा आणखी जाती नसतीलच असं मी म्हणणार नाही.

मग नदीत मासे का नाहीत? इथं मला जरा थांबून सांगायचं आहे.

रोहूची मादी किलोमागे दोन लाखांच्या घरात अंडी धरते. दोन किलोची एक मादी म्हणजे चार लाख. तुमच्या सगळ्या वर्गणीतून येतील त्याच्या कित्येक पट. महसीर एवढी घालत नाही, पण त्याचीही हजारांत असतात. आता विचार करा, एका नदीत माशांची संख्या वर्षानुवर्षं सारखी राहत असेल, तर एका जोडीच्या आयुष्यभराच्या सगळ्या अंड्यांतून सरासरी दोनच मासे मोठे होऊन वीण करतात. बाकी सगळी वाटेत जातात. म्हणजे तुटवडा पिल्लांचा कधीच नसतो. तुटवडा असतो तो वाटेतल्या कुठल्यातरी एका टप्प्यावर. तो टप्पा शोधायचा, तिथला अडथळा काढायचा. तसं न करता वरून आणखी पिल्लं ओतली तर तीही त्याच जागी मरतात.

खानापूरच्या वरच्या मलप्रभेत तो टप्पा मला विचाराल तर उन्हाळ्यातले डोह. धार तुटल्यावर सगळे मोठे मासे मोजक्या डोहांत येऊन बसतात. मरळ, वाम, शिंगटी, सगळ्यांचं जगणं त्या दोन-तीन महिन्यांच्या खोल पाण्यावर असतं. वाळू काढून-काढून डोहाच्या कडा ढासळल्या, मोटारी लावून पाणी ओढलं, की डोह उथळ होतो. आणि जे उरलेले असतात त्यांत कुणीतरी जिलेटिनची कांडी टाकतं, ब्लीचिंग पावडर ओततं किंवा वरच्या तारेवर आकडा टाकून करंट सोडतं. एका सकाळी पाच-सहा वर्षं वाढलेली विणीची सगळी मासळी संपते. त्यातली अर्धी तळाशी बसते, हातालाही लागत नाही. अशा डोहात पुढच्या महिन्यात बोटुकली सोडली तर ती कुणासाठी सोडली?

दुसरा टप्पा चढणीचा. मृगाचा पहिला मोठा पाऊस पडला की मासे उलट्या धारेने वर सरकतात, ओढ्यातून भातशेताच्या पाण्यापर्यंत येतात. पोटं गाभोळीने, म्हणजे अंड्यांनी, टम्म भरलेली असतात. आपल्याकडं बांधावर बुट्ट्या लावून, काठीने मारून, हाताने वेचून ते धरायची पद्धत आहे. त्या कालवणाची चव मलाही ठाऊक आहे. पूर्वी धरणारे थोडे होते आणि नदीत मासे भरपूर होते, तेव्हा ते खपून जायचं. आता एका ओढ्याच्या तोंडावर चार ठिकाणी आडवी जाळी लागते. जी मादी वरच पोचली नाही तिची चार लाख अंडी गेली. पहिल्या पंधरा-वीस दिवसांत दोन-तीन ओढे जरी मोकळे सोडले, तरी कुठल्याही मत्स्यबीज केंद्राला जमणार नाही एवढं बीज नदीला फुकट मिळतं, तेही त्याच नदीच्या रक्ताचं.

तिसरा टप्पा बंधारे. निपाणीकडच्या वेदगंगा-दूधगंगेवर, घटप्रभेवर आणि मलप्रभेवरही कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा संपताना बरगे, म्हणजे खांबांमधल्या आडव्या फळ्या, घालायचे आणि पावसाआधी काढायचे अशी त्यांची रीत. बरगे वेळेवर निघाले तर मासा खांबांमधून वर जातो. नाही निघाले, किंवा खालचे दोन-तीन बरगे गाळात रुतून तसेच राहिले, तर चढणीचा मासा तिथंच उड्या मारत राहतो आणि बंधाऱ्याखाली जाळी टाकून बसलेल्यांना आयता मिळतो. माझ्या मते जून उजाडण्याआधी एका बंधाऱ्याचे सगळे बरगे निघतात की नाही हे पाहणं, हजारो बोटुकली सोडण्यापेक्षा मोलाचं काम आहे. त्याला वर्गणी लागत नाही, पाठपुरावा लागतो.

खालच्या अंगाला, मार्कंडेय नदीत बेळगाव शहराचं सांडपाणी येतं, आणि कृष्णा-पंचगंगेच्या काठच्यांनी तर मासे तोंडं वर काढून तडफडताना अनेकदा पाहिले आहेत. तिथं प्रश्न सरळ पाण्याचा आहे. पाण्यात प्राणवायू नसताना बीज सोडणं म्हणजे जिवंत जीव मारणं, यापलीकडे मी काही म्हणणार नाही.

बीज सोडूच नये का? सोडावं, पण योग्य जागी. तळी आणि जलाशय ही ती जागा. कटला, रोहू, मृगळ हे वाहत्या पुराच्या पाण्यात वीण करतात, साठलेल्या तळ्यात करत नाहीत. म्हणून गावतळ्यात दरवर्षी बीज सोडावंच लागतं, आणि तिथं ते वाढतं, मिळतं, हिशेबात दिसतं. छोट्या जलाशयाला हेक्टरी हजारेक बोटुकली हा ढोबळ अंदाज धरतात. गळाची हौस भागवायची तर माझा सल्ला हाच, की गावच्या एखाद्या तळ्याबद्दल ग्रामपंचायतीशी आणि तिथं मासेमारीचा ठेका असलेल्यांशी बोला. तिथं मासे सोडा, वाढवा, सुटीच्या दिवशी पैसे घेऊन गळ टाकू द्या. पोरांना शिकवायलाही ती जागा चांगली. मात्र तळ्यातही आफ्रिकन मांगूर आणू नका. त्याच्यावर बंदी आहे, आणि तळं फुटलं किंवा सांडव्यावरून पाणी गेलं की तो नदीत जातो, तिथून त्याला कुणी काढू शकत नाही.

नदीत महसीर सोडायचाच असेल तर कधी सोडावा, तेही सांगतो. तीन गोष्टी आधी जुळाव्या लागतात. त्या पट्ट्यात तो पूर्वी होता आणि आता अजिबात नाही, हे जुन्या जाणत्या मासेमारांना विचारून आणि नीट शोधून खात्री झालेली असावी. तो ज्या कारणाने गेला ते कारण दूर झालेलं असावं. आणि खालून तो आपला आपण चढून येऊ शकत नसावा, म्हणजे मध्ये धरण किंवा धबधबा असावा. असं असेल तर फिशरीज खात्यामार्फत, कृष्णा खोऱ्यातल्याच मूळ माशांपासून काढलेलं बीज मागावं. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत नद्यांत बीज सोडण्याचा कार्यक्रम आहे, त्यातही स्थानिक जातींचाच आग्रह धरावा. आपल्या मनाने बाहेरून पिशव्या आणून सोडणं कायद्यालाही धरून नाही. भीमगड अभयारण्याच्या हद्दीतल्या ओढ्यांत तर काहीही सोडायचं किंवा धरायचं नाही.

सोडताना बोटुकली १०० मिलिमीटरच्या वरची असावीत. जिरे किंवा अर्धबोटुकली नदीत सोडणं म्हणजे शिंगटी-मरळीला खाऊ घालणं. महिना सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, मोठे लोंढे ओसरल्यावर. वेळ पहाटेची. प्राणवायू भरलेल्या पिशव्या आल्या की तशाच बंद पंधरा-वीस मिनिटं नदीच्या पाण्यावर तरंगत ठेवा, म्हणजे आतलं-बाहेरचं तापमान एक होतं. मग तोंड उघडून नदीचं पाणी ओंजळीने थोडं-थोडं आत घाला. नंतर पिशवी आडवी करून पिल्लांना आपण होऊन बाहेर जाऊ द्या, ओतू नका. सगळी एका घाटावर सोडू नका, दगड-मुळ्यांचा आडोसा असलेल्या जागी थोडी-थोडी सोडा. महसीरला ट्राउटसारखा तो पाठीचा मांसल पर नसतो, म्हणून खूण करण्याचं काम खात्याच्या माणसाकडूनच करून घ्या. खूण नसेल तर सोडू नका, कारण मग पुढं काही कळणारच नाही. दोन-तीन वर्षांत गळाला लागतील का, असं तुम्ही विचारलंत. महसीर सावकाश वाढतो. गळाला लागेल, पण तुम्ही मनात धरलाय तेवढा मोठा व्हायला त्याहून बरीच जास्त वर्षं लागतील, आणि तेवढी वर्षं त्याला डोह लागेल.

आता वर्गणी जमलीच आहे तर ती कशावर लावायची. कणकुंबीपासून खानापूरपर्यंतचे सगळे डोह एकदा पायी फिरून टिपा. प्रत्येकाची खोली बांबूने मोजा, पाण्याचं तापमान दुपारी दोन-तीनच्या सुमाराला घ्या, कडेला वाळूचा उपसा आहे का, पाणी ओढणाऱ्या मोटारी किती आहेत, ते लिहा. त्यातले दोन-तीन सर्वांत खोल डोह निवडून त्या-त्या गावाशी बोला. आपल्या भागात देवाच्या डोहाला हात न लावण्याची जुनी रीत आहे. महाडजवळ वाळणकोंडला वरदायिनीच्या नावाने, शृंगेरीला तुंगेच्या घाटावर, शिशिलाला देवळापाशी महसीर पिढ्यान्‌पिढ्या जगले ते कुठल्याही बिजामुळे नाही, कुणी हात लावला नाही म्हणून. हब्बनहट्टीला मारुतीचं देऊळ मलप्रभेच्या पात्रातच आहे, पावसाळ्यात ते पाण्याखाली जातं. तिथल्या पंचांशी बोलून वर-खालचा काही पट्टा मारुतीच्या नावाने राखला, तर फिशरीज खात्याच्या फलकापेक्षा त्याला लोक जास्त मानतील.

स्वतः गळ टाकताना गळाच्या टोकाची उलटी काटी पक्कडीने दाबून टाका, म्हणजे मासा न फाटता सुटतो. मोठी मादी लागली तर हात ओले करून, पाण्याबाहेर न काढता सोडा. दर वेळी वहीत तारीख, जागा, जात, लांबी आणि किती तास गळ टाकला ते लिहा. काही लागलं नाही तरी लिहा. कावेरीवर काय घडलं ते अशाच वह्यांतून उलगडलं.

डोहांची मोजणी मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात उरकून घ्या, मोठा वळीव व्हायच्या आत. एकदा पाणी वाढलं की कोणता डोह उन्हाळा काढणारा आणि कोणता नुसता खड्डा, हे वर्षभर कळत नाही.